गावाची माहिती सरकारकडे: प्रत कशी मागावी, अट कशी घालावी

2001 च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींची माणसं किती होती? 566. दहा वर्षांनी, 2011 मध्ये, हाच आकडा 1,49,275 झाला. राज्याच्या लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून थोडा जास्त. मधल्या काळात कुठून कुणी येऊन राहिलं नव्हतं. माणसं तीच, वाडे तेच. गावडा, कुणबी आणि वेळीप ही नावं यादीत आली जानेवारी 2003 मध्ये, आणि तोवर 1968 च्या यादीत धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी, वारली एवढेच समाज होते. मतदारसंघांची फेररचना झाली ती 2001 च्या आकड्यांवर. त्यामुळे 40 जागांच्या विधानसभेत जमातींसाठी एकही जागा राखीव राहिली नाही. त्यावर तोड काढणारा कायदा संसदेत मंजूर व्हायला ऑगस्ट 2025 उजाडला.

सरकारी कागदावर आपण कसे दिसतो याचा एवढा परिणाम होतो. म्हणून वनहक्क समितीवर नुकतेच निवडून आलेले, जैवविविधता समितीत नाव घातलं गेलेले, किंवा ‘तू शिकलेला आहेस, तूच बघ’ म्हणून ज्यांच्या हातात वाड्याने फाईल दिली आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. सत्तरी, सांगे, काणकोण, केपे, धारबांदोडा या तालुक्यांत अशी मुलंमुली आता बरीच आहेत.

जगात या विषयाला आदिवासींचं माहितीवरचं सार्वभौमत्व म्हणतात. कॅनडातल्या मूळ समाजांनी 1998 मध्ये चार तत्त्वं मांडली: आपल्याविषयीच्या माहितीची मालकी, नियंत्रण, तिच्यापर्यंत पोच आणि प्रत्यक्ष ताबा. 2019 मध्ये देशोदेशीच्या आदिवासी अभ्यासकांनी त्यात सामूहिक लाभ, जबाबदारी आणि नीतीचा मुद्दा पुढे नेला. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या सांख्यिकी खात्याने माओरी नेत्यांशी आकड्यांच्या कारभाराबद्दल रीतसर करार केला. आपल्याकडे असं काही नाही. आदिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्याला भारताने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांत पाठिंबा दिला खरा, पण इथले सगळेच मूळचे, अशी सरकारची भूमिका. गोवा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रांच्या यादीत नाही, त्यामुळे तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदाही इथे लागू नाही. मग हातात काय उरतं? वनहक्क कायदा 2006 (पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या वनजमिनीवर हक्काचा दावा करता येतो तो), जैवविविधता कायदा 2002, माहिती अधिकार 2005 आणि ग्रामसभेचा ठराव. या चौघांना ठिगळं जोडून काम भागवावं लागतं, आणि भागतं.

आधी यादी करा: कुणाकडे काय आहे

एक शंभर पानी वही घ्या. एका पानावर एक खातं. भूमापन आणि मामलेदार कार्यालयाकडे एक-चौदाचे उतारे आणि सर्व्हेचे नकाशे. वन खात्याकडे जंगलाच्या हद्दी, कार्य आयोजना (जंगलात पुढे काय करायचं याचा खात्याचा आराखडा), जुने गुन्हे आणि दंडाच्या पावत्या. पंचायतीकडे घरपट्टी, ग्रामसभेचं इतिवृत्त, जैवविविधतेची नोंदवही. आदिवासी कल्याण खात्याकडे योजनांचे लाभार्थी. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे आजार, बाळंतपणं. पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे पोर्तुगीज काळ.

यातला एक-चौदाचा उतारा नीट वाचायला शिका, बाकीचं आपोआप येईल. वरती सर्व्हे नंबर आणि पोटविभाग. खाली क्षेत्र: पिकाखालचं वेगळं, लागवडीला अयोग्य वेगळं. मग कब्जेदाराचं नाव, कुळाचं नाव, आणि ‘इतर हक्क’ असा एक रकाना, जो बहुतेकदा रिकामा असतो. वाड्यावरच्या काजूच्या भाटाचा (बागायतीचा) उतारा काढा. कब्जेदार म्हणून भाटकार (जमीनदार), कोमुनिदाद (गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) किंवा सरळ सरकार दिसेल; कुळाचा रकाना कोरा. ज्या आजीने तिथे चाळीस वर्षं काजू वेचले, तिची त्या कागदावर कुठेच खूण नाही. हे पाहून हळहळत बसू नका, वहीत टिपून ठेवा: सर्व्हे नंबर, कागदावर कोण, जमिनीवर कोण. दोन रकान्यांतला हा फरक हाच तुमच्या पुढच्या सगळ्या अर्जांचा पाया.

प्रत मागायची दोन दारं

बहुतेक जण थेट माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात. त्याआधी दुसरं दार ठोठवा. वनहक्क नियम 2008 मधला नियम 12 चा पोटनियम 4 सांगतो की ग्रामसभेने किंवा वनहक्क समितीने लेखी मागणी केली तर संबंधित कार्यालयाने माहिती, नोंदी, कागदपत्रं यांची प्रमाणित प्रत द्यायलाच हवी, आणि गरज पडली तर अधिकारी पाठवून ती समजावूनही सांगायला हवी. ग्रामसभेनंतर दावे पाहणाऱ्या उपविभागीय समितीवर तर वन आणि महसूल नकाशे, मतदारयाद्या ग्रामसभेला पुरवण्याची जबाबदारीच टाकलेली आहे. इथे तुम्ही एकटे नागरिक म्हणून जात नाही, कायद्याने नेमलेली समिती म्हणून जाता. टेबलापलीकडच्या माणसाचा आवाज बदलतो, हे मी पाहिलेलं आहे.

अर्ज असा:

‘आम्ही अमुक गावची वनहक्क समिती. नियम 12(4) नुसार आमच्या महसूल गावाच्या हद्दीतील वन व महसूल नकाशे, सर्व्हे क्रमांक अमुक ते अमुकचे उतारे, आणि या भागापुरती वन खात्याची कार्य आयोजना यांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. नकाशे वाचून दाखवण्यासाठी एक अधिकारी ग्रामसभेस पाठवावा.’

खाली समितीच्या अध्यक्ष आणि सचिवाची सही. आवक क्रमांक आणि शिक्का मारलेली पोचप्रत घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. अर्ज मराठीत चालतो. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा आहे आणि शासकीय कामात मराठीचाही वापर करता येतो. आपलं बोलणं कोकणीत आणि लिहिणं मराठीत, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यात अडचण काही नाही.

या दाराने काम झालं नाही, किंवा हवी ती माहिती वनहक्काशी संबंधित नसली, तर माहिती अधिकार. 10 रुपये शुल्क. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. 30 दिवसांत उत्तर. ‘हे आमच्याकडे नसतं’ असं तोंडी सांगून परत पाठवलं, तर कलम 6(3) दाखवा: अर्ज योग्य कार्यालयाकडे पाच दिवसांत पाठवणं हे त्यांचं काम, तुमचं नाही.

प्रश्न कसा विचारायचा यावर उत्तराचं भवितव्य ठरतं. ‘आमच्या गावच्या वनहक्क दाव्यांचं काय झालं?’ या प्रश्नाला ‘प्रक्रिया चालू आहे’ एवढंच उत्तर येईल. गोव्यात दहा हजारांच्या आसपास दावे दाखल झाले आणि त्यातले बरेच वर्षानुवर्षं पडून राहिले, तेव्हा असल्या उत्तरांची सवय सगळ्या कार्यालयांना आहे. त्याऐवजी असं लिहा: ‘अमुक महसूल गावातून आजवर आलेल्या वैयक्तिक आणि सामूहिक दाव्यांची संख्या, प्रत्येक दाव्याचा क्रमांक, दाखल तारीख, स्थळपाहणीची तारीख, सध्या कोणत्या समितीपुढे आहे, फेटाळला असल्यास लेखी कारणाची प्रत.’ फेटाळण्याचं कारण लेखी कळवणं नियमांतच आहे, म्हणून ते मुद्दाम मागायचं.

एक खबरदारी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं. आता दुसऱ्यांची नावं, पत्ते मागितले की नकार मिळणं सोपं झालंय. म्हणून नावांऐवजी दावा क्रमांक आणि सर्व्हे नंबर मागा. नावं तर गावाला ठाऊकच असतात.

जुना पुरावा: पणजीची वारी

जमातीच्या दावेदाराला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा कब्जा दाखवायचा असतो. पण जे यादीत नाहीत, उदाहरणार्थ आपले धनगर, त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून त्या तारखेआधीची 75 वर्षं दाखवावी लागतात. म्हणजे 1930. म्हणजे पोर्तुगीज राज्य. कागद कोणत्या भाषेत असणार, सांगायला नको.

गोव्याचं दफ्तर 1595 पासून जपलं गेलंय. दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला रखवालदार. तुमच्या वाड्याचा पुरावा तिथे असू शकतो: जमिनीच्या देणग्या, गावकरीचे (कोमुनिदादचे) हिशेब, करवसुली, जंगलखात्याचे हुकूम. बहुतेक पोर्तुगीजमध्ये, काही मोडीत. जाण्याआधी गावाच्या नावाची जुनी पोर्तुगीज धाटणी शोधून ठेवा, कारण काणकोणचं खोला शोधायचं तर ‘कोला’ बघावं लागतं. परगण्याचं नाव, देवळाचं नाव, डोंगराचं जुनं नाव हेही लिहून न्या. पोर्तुगीज वाचणारं गावात कुणी नसेल तर जुन्या शिक्षकांपैकी किंवा नोटरीकडे काम केलेल्यांपैकी एखादं म्हातारं माणूस हटकून सापडतं.

कागद मिळालाच नाही तरी हातपाय गाळू नका. नियम 13 मध्ये पुराव्यांची लांब यादी आहे आणि कोणतेही दोन लागतात. त्यात दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब आहे, बांध-विहिरी-सपाट केलेली जमीन यांसारख्या जागेवरच्या खुणा आहेत, स्मशानं आणि देवस्थानं आहेत. उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा उडवला, असं झालं तर 2012 ची दुरुस्ती वाचून दाखवा: उपग्रहचित्र पुराव्याला पूरक आहे, त्याची जागा घेऊ शकत नाही. कुळागरावर सुपारी-माडांची सावली असते, वरून ते जंगलच दिसणार.

स्वतःची नोंद स्वतः करा

सरकारी पथक मोजायला येण्याआधी गावाने एकदा स्वतः फिरून यावं. पावसाळा संपून वाटा मोकळ्या झाल्या की जा, भात कापणीची गडबड टाळून. बरोबर दोन म्हातारे, दोन बायका (पाणी आणि लाकूडफाटा कुठे मिळतो हे बायकांना जास्त ठाऊक असतं), एक मोबाईल, एक वही. फोनचं जीपीएस झाडीखाली पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतं, तेव्हा एका जागी मिनिटभर थांबून आकडा स्थिर होऊ द्या, मगच वहीत उतरवा. फोनवर विसंबू नका, बॅटरी संपते.

नोंद अशी हवी: ‘खूण 7. व्हाळाच्या उजव्या काठाला जुना दगडी बांध, कमरेएवढा. शेजारी फणस, बुंधा दोन माणसांच्या कवेत. पूर्वी नाचणी, आता काजू. सांगणारे: अमुक.’ अक्षांश-रेखांश समासात. फोटो काढलात तर त्यात माणूस उभा करा, म्हणजे उंचीचा अंदाज येतो.

आता अवघड गोष्ट. सामूहिक दाव्यात देवराई, देवचाराची जागा, पाणवठा दाखवले तर दावा भक्कम होतो. पण दाखवले की ते सरकारी नकाशावर गेले, आणि नकाशा एकदा संकेतस्थळावर चढला की शनिवार-रविवारच्या जीपा आल्याच. सत्तरीतली बांबरची निरंकाराची राय, म्हणजे देवराई, गावाच्या श्रद्धेने राखली गेली. दुर्मिळ जायफळवर्गीय झाडांची दलदल म्हणून तिचं नाव अभ्यासकांत झालं ते पुढे. सगळ्याच जागांना असली प्रसिद्धी सोसत नाही. माझं मत असं: हद्द द्या, गाभा देऊ नका. नकाशावर ‘देवस्थानाची राय, इतके हेक्टर’ एवढं पुरतं. आत कोणता दगड कुणाचा, कोणत्या दिवशी कोण जातं, हे जबाबात घालायची काही गरज नाही. समितीला क्षेत्र आणि वापर हवा असतो, विधी नको असतात.

देताना अट घाला

गोव्यातल्या 191 पंचायतींत जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत, आणि त्यांनी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये तंबी दिली की फेब्रुवारी 2020 पासून नोंदवह्या नसतील तर राज्यांना महिन्याला 10 लाख रुपये भरावे लागतील. देशभर धावपळ झाली, आणि धावपळीत वह्या कशा भरतात हे सांगायला नको. म्हणून पहिलं काम: तुमच्या पंचायतीची वही मागून पाहा. वाड्यावरचं कुणी सांगितलं होतं का, की शेजारच्या गावाचीच पानं चिकटवली आहेत, हे दहा मिनिटांत कळतं.

वहीच्या नमुन्यात झाडाचं स्थानिक नाव, कोणता भाग वापरतात, कशासाठी, आणि जाणकाराचं नाव-पत्ता असे रकाने असतात. इथे हात आखडता घ्या. ‘कुडा: साल, पोटाच्या तक्रारीवर’ हे जगाला ठाऊक आहे, लिहा. पण एखादी वेळीपीण बाई ज्या मुळीचं औषध देते ती कशात मिसळायची, किती, कोणत्या महिन्यात काढायची, हे तिचं. ती हो म्हणेपर्यंत ते कागदावर येता कामा नये, आणि हो म्हणाली तरी तिची सही-अंगठा घेऊन, ते ‘गोपनीय’ असा शेरा मारून वेगळ्या पानावर ठेवा. जाणकाराचं नाव वहीत घालायचं की नाही हेही तिलाच विचारा. जैवविविधता कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने आयुर्वेदासारख्या ग्रंथबद्ध ज्ञानाच्या वापराला कायद्यातून बरीच सूट दिली. वाड्यावरचं तोंडी ज्ञान त्या सुटीत येत नाही. व्यापारासाठी ते घेणाऱ्याने राज्य जैवविविधता मंडळाकडे जायला हवं आणि मंडळाने तुमच्या समितीचं मत घ्यायला हवं. पण समितीला आपल्या वहीत काय आहे तेच माहीत नसेल तर ती मत काय देणार?

विद्यार्थी, संस्था, कंपन्या, कधी सरकारी पथकंही सर्वेक्षणाला येतात. बहुतेक भली असतात. प्रश्न त्यांच्या भलेपणाचा नाही, माहिती पुढे कुठे जाते याचा आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी विद्यापीठाला रक्त दिलं. त्याच रक्तावर पुढे मानसिक आजार आणि जमातीच्या स्थलांतराविषयी संशोधन झालं, लोकांना पत्ताही नव्हता. 2010 मध्ये विद्यापीठाने 7 लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि नमुने परत केले. ‘कशासाठी’ हे एकदा नीट लिहून घेतलं नाही की असं होतं.

आपला माहिती संरक्षण कायदा एकेका व्यक्तीला ओळखतो. वाड्याला, समाजाला ओळखत नाही. तो जो खड्डा उरतो तो ग्रामसभेच्या ठरावाने भरा:

‘आमच्या गावातील वनस्पती, पाणवठे, देवस्थाने, शेती व औषधी ज्ञान यांविषयी गोळा होणारी माहिती गावाची सामाईक राहील. माहिती घेणाऱ्याने उद्देश लेखी द्यावा. दुसऱ्या उद्देशासाठी वापर करण्याआधी ग्रामसभेची पुन्हा परवानगी घ्यावी. संपूर्ण माहितीची एक प्रत मराठीत किंवा कोकणीत पंचायतीस द्यावी. ग्रामसभेने गोपनीय ठरवलेल्या जागांचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करू नयेत.’

हा ठराव कायदा नाही, मोडला तर कुणाला तुरुंग होणार नाही. पण इतिवृत्तात आला की तो कागद आहे, आणि पुढच्या वेळी गाडी येऊन उभी राहिली की सरपंच तो पुढे करू शकतात. ठराव मांडण्याआधी वाड्यावर, मांडावर बसून बोलून घ्या. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते, आणि गोव्यात तिथेच पुष्कळ दावे अडले आहेत.

जनगणना

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे आणि या खेपेला सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. प्रगणक दारात आला की समाजाचं नाव यादीत आहे तसंच सांगा: गावडा, कुणबी किंवा वेळीप. गोव्यात गावडा हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, 1928 च्या शुद्धीनंतरचे नवहिंदू आहेत. जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही, तेव्हा धर्माचा रकाना वेगळा आणि समाजाचा वेगळा. ‘कुणबी’ महाराष्ट्रात इतर मागासवर्गात येतो, गोव्यात जमातीत. बाहेरगावच्या प्रगणकाला ही गफलत सहज होऊ शकते, म्हणून त्याने काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा. प्रत्येक घराची माहिती 1948 च्या कायद्याने गोपनीय असते, ती मागून मिळणार नाही. गावाचे एकूण आकडे मात्र प्रसिद्ध होतात, तेव्हा ते वहीशी ताडून बघा.

नकार आला तर

तोंडी नकार हा नकार नसतो, लेखी मागा. माहिती अधिकारात उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर 30 दिवसांत त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि त्यानंतर 90 दिवसांत गोवा राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. वनहक्कात ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे, आणि तिच्या निर्णयाविरुद्ध तेवढ्याच मुदतीत जिल्हा समितीकडे. या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा. मूळ पोचप्रती समितीच्या सचिवाकडे, झेरॉक्सचा एक संच देवळाच्या किंवा चॅपलच्या समितीकडे, आणि फोटो दोघातिघांच्या फोनमध्ये असू द्या. पंचायत मंडळ पाच वर्षांनी बदलतं, सचिवांची बदली त्याहून लवकर होते, आणि जाताना कपाटाची किल्ली कुणाकडे गेली याचा पत्ता लागत नाही.